रमाकांतरावांच्या पलंगाखाली

"डास तुमच्याच कूलरातले, भदौरियाजी!" रमाकांतराव शेजाऱ्याच्या कूलरमध्ये टॉर्च मारत गरजले.

"अंकलजी, ये तो कब का सूखा पड़ा है. इसमें मकड़ी भी प्यासी मर गई!"

थाटीपूर मोहल्ल्यात त्या वर्षी डास असे माजले होते, की आधी कॉइलवर हात शेकायचे आणि मग चावायला बसायचे. पण डेंग्यू शिरला तो रमाकांतरावांच्याच घरात. आधी मुलाला, पुष्करला. तो उठतो न उठतो तोच सुनेला, प्रांजलीला. आता उरली होती चिमुरडी नात, अवंतिका. त्यांच्या पत्नी पद्माताई लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर पुण्याला होत्या. बातमी कळताच मिळेल त्या गाडीने परतल्या आणि आल्या आल्या त्यांनी पदर खोचला.

"हा डास लांबून येत नाही. घरातच कुठेतरी पाणी साठलंय."

फुलदाणी उपडी झाली. फ्रिजमागचा ट्रे घासला गेला. चिमण्यांचं भांडंही सुटलं नाही. अळी काही सापडेना.

रमाकांतराव आपल्या पलंगावर मांडी ठोकून बसले. "इथे काही नाही. इथे मी आहे."

खाली, ट्रंकेच्या आड, पाण्याने भरलेली परात होती आणि परातीत डबा. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून बाड्यावरच्या हलवायाकडचे बुंदीचे लाडू तिथेच मुक्कामाला होते. मुंग्यांची रांग लागली तर चोरी फुटणार, म्हणून हा खंदक. आपल्या गावच्या किल्ल्यालाही नसेल असा! रमाकांतराव वाकून बघतसुद्धा नसत. अंदाजाने हात घालायचा, लाडू काढायचा.

तेवढ्यात अवंतिका त्यांच्याशेजारी येऊन बसली. "आबा, इथेच मच्छर काटते हैं मला."

तिच्या पोटरीवर पांढऱ्या ठिपक्यांचा एक डास टेकत होता. रमाकांतरावांनी तो उडवला. डब्याकडे नाही, नातीकडे बघितलं. मग पलंगाखाली शिरले आणि परात डब्यासकट बाहेर ओढली. मेळ्यातले पाळणे फिरावेत तशा अळ्या पाण्यात वरखाली करत होत्या.

"पद्मा, बोल काय बोलायचं ते," त्यांनी डोळे मिटून घेतले.

पद्माताईंनी पाणी अंगणातल्या तापल्या फरशीवर ओतलं.

"बोलू काय, अहो? या परातीचं पाणी रोज मीच बदलायचे. आता तू बदल, असं प्रांजलीला सांगूनच जाणार होते मी. पण मग तुमचे लाडू कळले असते ना तिला!"