एकच क्रियापद

फुटबॉलच्या फायनलसाठी आमच्या तालमीच्या संघानं दोन परदेशी खेळाडू आणले, एक अर्जेंटिनाचा, दुसरा ब्राझीलचा. सेक्रेटरी म्हणून मी त्यांना हौसाक्कांच्या माडीवर ठेवलं. हौसाक्कांचे यजमान पलीकडच्या तालमीचे गोलकीपर. पण ते वारून वीस वर्षं झालेली, आणि आक्कांसारखा पांढरा रस्सा अख्ख्या पेठेत कुणाला जमत नाही.

एकाची भाषा स्पॅनिश, दुसऱ्याची पोर्तुगीज. मी हौसाक्कांना दोन्हींतलं एकच क्रियापद कॅलेंडरच्या मागं लिहून दिलं: खाणे. मी खातो, तू खातोस, तू खा. आठवड्यात त्यांनी ते पाढ्यासारखं पाठ केलं. पोरांना मी मराठीतलं 'होय' शिकवलं. 'पुरे' शिकवायचं राहून गेलं.

फायनलच्या दिवशी दुपारपर्यंत माडीवरून एकच आवाज येत होता. "कोमे, बाळा, कोमे." म्हणजे खा. त्यावर दोन आवाज, "होय."

हाफ टाइमनंतर दोघंही मैदानात उभे होते, एवढंच म्हणता येईल. पलीकडच्या तालमीकडून आम्ही तीन-शून्यनं हरलो.

मी तावातावानं हौसाक्कांच्या घरी गेलो. भिंतीवर यजमानांचा फोटो, अंगात पलीकडच्या तालमीची जर्सी, गळ्यात आजचा ताजा हार.

"आक्का, हे काय केलंसा?"

"तुम्ही लिहून दिलं तेवढंच म्हटलं की." त्यांनी माझ्यापुढं ताट ठेवलं आणि वाटी काठोकाठ भरली. "कोमे."

मी बसलो. तिसऱ्या वाटीलाही मला 'पुरे' म्हणायला जमलं नाही, आणि मी तर मराठीच.