तीन चालींचं अंतर

"अजून काहीच नाही?" उत्तरेश्वरांनी विचारलं.

अभयने दारातूनच मान हलवली. "काका, पंचाला असलं विचारायचं नसतं. नियम तुमचाच."

नियम त्यांचाच होता, बोलायची सोय नव्हती. कर्वेनगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हॉलभर टेबल पसरलं होतं आणि त्यावर नेपोलियनच्या काळातली लढाई उभी होती, बोटाच्या पेराएवढ्या शिपायांची. पण टेबल बघायचं ते एकट्या पंचाने. सेनापती उत्तरेश्वर झोपायच्या खोलीत दार लावून बसलेले. डाव्या फळीचा सरदार संपत भिंतीपलीकडच्या खोलीत. शत्रू म्हणजे आयटीतला ऋषी, तो स्वयंपाकघरात पोह्यांच्या पातेल्याशेजारी. मोबाइल सगळ्यांचे फ्रिजवरच्या डब्यात.

बोलायचं ते चिठ्ठीने. चिठ्ठी दाराखालून सरकवायची, अभयने तिच्यावर वेळ टाकून पेटीत ठेवायची आणि तीन चालींनी पलीकडे द्यायची. एक चाल वीस मिनिटांची. खेळातल्या जासुदाला घोड्यावरून तेवढा वेळ लागणारच की! पूर्वी अभय चिठ्ठ्या उघडून वाचायचा. पण त्याच्या चेहऱ्यावर सगळं उमटतं, म्हणून आज सकाळी उत्तरेश्वरांनी तेही बंद केलं. संपत तेव्हा बेसिनवर तोंड धूत होता.

"लढाईत बातमी शिळीच मिळते," उत्तरेश्वर म्हणाले होते. "ताजी हवी असेल त्याने टीव्ही लावावा."

खडकीच्या कारखान्यात त्यांनी आणि संपतने एकतीस वर्षं शेजारी शेजारी काढली. संपत जन्माचा उशिरा येणारा. उत्तरेश्वरांच्या निरोप समारंभाला तो आला तेव्हा खुर्च्या उचलून झाल्या होत्या. ते त्यांनी हसण्यावारी नेलं. पण गेल्या वर्षी बायको, द्वारका, गेली, चाळीस वर्षांचा संसार उठला, आणि हा गृहस्थ उगवला तिसऱ्या दिवशी. "गाडी मिळाली नाही रे," म्हणाला. ते वाक्य उत्तरेश्वरांना अजून गिळता आलं नव्हतं.

भांडायची ताकद मात्र उरली नव्हती. सगळ्याचाच कंटाळा आला होता. म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं, आज राखीव घोडदळ संपतच्या हाती द्यायचं. वेळेवर मदतीला आला, तर मागचं सगळं विसरायचं. नाही आला, तर या मैत्रीला आपला रामराम. खुळेपणा होता, हे त्यांनाही कळत होतं. पण सत्तरीत माणसाची परीक्षा घ्यायची तरी कशी?

सकाळी संपत चक्क दहाला पाच कमी असताना दारात उभा होता. लिफ्ट बंद, त्यामुळे तीन जिने चढून घामाघूम.

"बघ, आलो की नाही वेळेवर?" तो धापा टाकत म्हणाला. "पाणी दे आधी. पहाटेपासून पित्त उसळलंय."

"वेळेवर यायची सवय नाही ना, बाधलं असेल," उत्तरेश्वर म्हणाले. तरी पाण्याचा तांब्या त्यांनी स्वतः नेऊन त्याच्या खोलीत ठेवला. वाकून चिठ्ठी सरकवायचा त्रास नको, म्हणून त्याची खुर्चीही दाराजवळ ओढून दिली.

दहा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी हुकूम लिहिला. "टेकडीवर दाब वाढतोय. घोडदळ घेऊन ताबडतोब निघ." तो पोचायला सव्वाअकरा उलटणार होते.

अकराच्या सुमारास संपतची पहिली चिठ्ठी आली, तासाभरापूर्वीची. "इकडे दाट धुकं. शत्रू दिसत नाही. पण काळजी करू नकोस, आज मी वेळेवर येणार." उत्तरेश्वरांनी ती दोनदा वाचली. बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

साडेअकराला भिंतीवर टकटक झाली. तीन वेळा. थोड्या वेळाने आणखी दोन.

उत्तरेश्वरांचं डोकं फिरलं. मागच्या दिवाळीतही या पठ्ठ्याने भिंत वाजवून शत्रूच्या तोफा किती ते सांगितलं होतं. वर दात काढून हसला होता.

"नियम म्हणजे नियम, संपतराव," ते पुटपुटले आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे पाठ करून बसले.

आणखी एकदा टकटक झाली. मग पलीकडे तांब्या पडला आणि गडगडत गेला. मग काहीच नाही. झोपला वाटतं! हातात फौज असताना डुलक्या काढणारा सरदार या जगात एकच.

बाराला अभय आला. "टेकडीवरच्या दोन तोफा गेल्या."

"आणि डावीकडून?"

"डावीकडे तुम्हाला धूळ उडताना दिसत नाही." एवढंच बोलून तो गेला.

बारा वीसला टेकडी गेली. ऋषीने स्वयंपाकघरातूनच आरोळी ठोकली. उत्तरेश्वरांना रागसुद्धा आला नाही. त्यांनी नवा कागद घेतला आणि लिहिलं, "तू कधीच वेळेवर आला नाहीस. द्वारकाच्या वेळीही नाही. आता येऊ नकोस."

घडी घालून ती त्यांनी अभयच्या हातात दिली. त्याने सवयीने तिच्यावर वेळ टाकली आणि पेटीतून दुसरी घडी काढून पुढे केली.

"ही तुमची, काका. साडेअकराच्या आधीची आहे. तीन चाली आत्ता पुऱ्या झाल्या."

"सबब असणार, दुसरं काय?" उत्तरेश्वर म्हणाले. त्यांनी सावकाश चष्मा पुसला आणि घडी उघडली. अक्षर वाकडंतिकडं होतं.

"अभय, ही चिठ्ठी खेळातली नाही. छातीत कळ येतेय, उठवत नाही. वाचलीस की लगेच उत्तरेश्वरला घेऊन ये. तोवर मी भिंत वाजवत राहतो."