एकदाच बसवायची वस्तू

एक्क्याण्णव साली डॉक्टर शशिकांत राजवाड्यांनी क्लबच्या स्पर्धेसाठी नवी रायफल जुळवून घ्यायची ठरवली. साउथहॅम्प्टनला हे काम करणारे शिर्के आपल्याकडचेच, पुण्याच्या लष्करी वर्कशॉपमधून आलेले. त्यांनी काउंटरवर दोन बॅरल मांडली, एक स्टँडर्ड, दुसरं प्रीमियम.

स्टँडर्डकडे बघून डॉक्टरांनी नाक मुरडलं. “हे काय दाखवता, शिर्के? असला माल खपवायला दुसरं गिऱ्हाईक बघा.”

“साठीला आलात, डॉक्टर. रविवारच्या हौसेला हे अगदी पुरेल.”

“पुरेल?” डॉक्टर फिसकन हसले. “एकदाच बसवायची वस्तू ती! तिथे ‘पुरेल’ म्हणणाऱ्या माणसाला मी दारातसुद्धा उभं करणार नाही.”

शिर्क्यांनी स्टँडर्ड बॅरल उचललं आणि काठी टेकत टेकत कपाटाकडे निघाले.

“अहो, पाय अजून दुखतोच का?” डॉक्टरांनी विचारलं. खुब्याचं ऑपरेशन त्यांनीच केलं होतं.

“दुखतो ना. तेव्हा तुमच्याही टेबलावर असेच दोन कृत्रिम सांधे मांडलेले होते,” शिर्के म्हणाले. “आणि तुम्ही म्हणालात, ‘साठी आली, शिर्के. स्टँडर्ड पुरेल.’”