तोंडी मापं

गरम इस्त्री आईने फोनवरच ठेवली. जळका वास सुटला तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. स्क्रीन फुगून काळीठिक्कर पडली होती.

"अगं आई, बघून तरी ठेवत जा!"

"बघूनच ठेवली. मला वाटलं, इस्त्रीची पाटी." आईने बटण दाबलं. फोन हातात थरथरला. "बघ, धुगधुगी आहे अजून. याला काही होत नाही."

"उद्या बघते," म्हणत लेकीने पर्स उचलली आणि ती ऑफिसला गेली.

दुसऱ्या दिवशी आई उठली नाही. झोपेतच गेली.

आई शिंपीण होती. डोळे अधू झाले तशी मापांची वही सुटली. सुई बोटांना दिसायची, अक्षर मात्र दिसेना. मग टेप गळ्यात, फोन टेबलावर, आणि मापं तोंडी, फोनमध्ये बोलून ठेवलेली. मोठ्या बटणांचा तो फोन लेकीनेच आणून दिला होता. त्याची सिस्टीम बनवणारी कंपनी वर्षभरातच गाशा गुंडाळून गेली.

पंधरा दिवसांनी दुकान उघडलं तेव्हा फळीवर कापडांची अकरा गाठोडी होती. प्रत्येकावर खडूने काढलेली खूण: चष्मा, छत्री, दोन टिंबं. कोणत्या खुणेचं माप काय, ते फोनला ठाऊक.

"गिऱ्हाइकं येतील तशी परत मापं घेऊ," वीस वर्षं आईच्या शेजारच्या मशीनवर बसणारे काका म्हणाले. "त्यात काय एवढं?"

खरंच काही नव्हतं. पण त्या मापांत आईचा आवाज होता, आणि तो दुसरीकडे कुठेच नव्हता.

लेकीने फोन लॅपटॉपला जोडला. लॅपटॉपने त्याला ओळख दाखवली नाही. अनोळखी उपकरण, ड्रायव्हर सापडला नाही. मोबाईल दुरुस्तीवाल्याने फोन उलटापालटा करून पाहिला.

"ताई, स्क्रीन मिळणार नाही. केबलने काढायचं तर ड्रायव्हर पाहिजे. म्हणजे फोन आणि कॉम्प्युटरमधला दुभाषी. यांची भाषा बोलणारं आता कोण राहिलंय? कंपनीचा माणूस सापडला तर मलाही भेटवा, मला त्याला चार शब्द सुनवायचेत."

तिने नेटवर शोधलं. सापडलेल्या लिंक सगळ्या मेलेल्या. एकीकडे ड्रायव्हर म्हणून भलतंच काहीतरी उतरलं आणि लॅपटॉप दोन दिवस रुसून बसला. शेवटी, अशा टाकून दिलेल्या फोनांबद्दलच्या एका जुन्या चर्चापानावर तिने चार ओळी लिहिल्या. तिथली आधीची नोंद तीन वर्षांपूर्वीची होती.

नवव्या दिवशी उत्तर आलं. "माझ्याकडे ड्रायव्हर आहे. फोन करा."

तो लिफ्ट दुरुस्त करणारा निघाला. कुठल्या तरी दूरच्या शहरातला.

"केबल आधी लावली होती ना तुम्ही?" त्याने पहिलंच विचारलं.

"हो."

"सगळे तेच करतात. आधी लावली की कॉम्प्युटर भलताच ड्रायव्हर धरून बसतो आणि मग सोडत नाही. तो काढून टाका. मी पाठवतो तो घाला. मशीन बंद करून चालू करा. केबल सगळ्यात शेवटी. आणि नवा लॅपटॉप नको, जुना बघा एखादा."

"तुम्ही हे जपून कशाला ठेवलंत?"

"आमच्याकडे नियमच आहे. जुन्या लिफ्टचा सुटा भाग टाकायचा नाही. कुठे तरी कुणी तरी मधल्या मजल्यावर अडकलेलं असतं." फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "मिळालं की कळवा मात्र."

काकांच्या मुलीचा जुना लॅपटॉप आणला. लिफ्टवाल्याने सांगितलं तसं, सांगितलं त्या क्रमाने केलं. केबल सगळ्यात शेवटी. टुणकन आवाज झाला आणि अकराशे चाळीस फायलींची यादी उघडली.

तिने वरची एक लावली.

"छत्री. छाती चाळीस. पोट छत्तीस सांगतो, आहे चाळीस. त्याला बोलू नका, कापताना बघून घ्या."

काका हसता हसता डोळे पुसायला लागले. तिने लिफ्टवाल्याला फोन लावला आणि काही न बोलता लॅपटॉपजवळ धरला. पलीकडून हसू आलं. "चला," तो म्हणाला, "सुटलं माणूस." तिने त्याचे आभार मानले. एकदा मानून भागेना, म्हणून पुन्हा मानले.

मग काका पेन्सिल घेऊन बसले. एकेक माप ऐकायचं, गाठोड्यावर चिठ्ठी टाचायची. दहा झाली. अकरावं गाठोडं फिक्या निळ्या कापडाचं, दोन टिंबांचं.

"दोन टिंबं. आमच्या बाईसाहेब," आई म्हणाली. "खांदा साडेचौदा. छाती गेल्या वर्षीपेक्षा इंचभर कमी. जेवत नाही धड. टेप लावू देत नाही, दारात पाठमोरी फोनवर बोलत होती तेवढ्यात नजरेने घेतलं. काखेतला मुंढा सैल ठेवायचा, बसमध्ये वरचा दांडा धरून उभी असते. बाही दोन बोटं लांब. ऑफिसात गारठा असतो म्हणते."

दरवर्षी एक शर्ट घडी करून तिच्या खुर्चीवर ठेवलेला असायचा. ती घालायची. आई विचारायची, कसा झालाय? ती म्हणायची, ठीक आहे, आणि बस गाठायला पळायची.

काकांची पेन्सिल थांबली होती. "पोरी, हे लिहू?"

"लिहा," ती म्हणाली. मग लॅपटॉपकडे वळून, काकांसमोरच, मोठ्याने म्हणाली, "आई, मला बाजारातलं तयार काही कधी बसलंच नाही गं. तू शिवलेलंच बसायचं. सगळंच्या सगळं."