बिघडलेली सतार

निलोफरनं सतारीची तार छेडली आणि तिचं तोंडच उतरलं. "अब्बा, तुम्ही हिला दुरुस्त केलंत?"

"मग? भुणभुणत होती. मिरजेच्या कारागिराच्या घरात बेसूर सतार शोभते का?"

"त्या भुणभुणीवर आमचा अख्खा रॉक अल्बम उभा आहे. उद्या पहिला कार्यक्रम आहे."

तिनं अल्बम लावला. गिटार खिदळत होती, पत्र्याच्या डब्यातले शेंगदाणे ताल धरत होते आणि मधूनच ती सतार भांग प्यालेल्या भुंग्यासारखी गात होती. अब्बांची मान डोलायला लागली. शेजारच्या कोंबडीनं तर ऐकता ऐकता दोन बलकांचं अंडं घातलं. खोटं वाटत असेल तर तिलाच विचारा.

गाणं संपल्यावर अब्बांनी कानस उचलली. "चाळीस वर्षं सतारी सुरात आणतोय, पण इतकं झकास बिघडवणं कधी जमलं नाही. समोर बस, आणि कुठं चुकायचं ते नीट सांग."