कापराचा धूर

"गाडी बंद करायची नाही," गोदूकाकूंनी बजावलं, आणि परागच्या तोंडचं पाणी पळालं.

गाडी विकायचा व्यवहार तर उरकला होता. नोटांचं पुडकं परागच्या खिशात होतं आणि काकूंचा मुलगा अभिनव स्टेअरिंगवर बसला होता. नवा रायपूरच्या सेक्टरातला तो ऐसपैस रस्ता सकाळी दहालाही रिकामाच. त्यावर ती उभी होती, लाल, बुटकी, दोन दारांची, सतरा वर्षांची टर्बो गाडी. सही झाली की पोट्टा गाडी घेऊन भुर्रकन निघून जाईल, अशी परागची अटकळ होती. पण मायलेक पूजेचं ताट घेऊन आले होते.

बंद काहून नाही, तेही काकूंनी सांगितलं. त्यांचे यजमान रेल्वेत ड्रायव्हर होते. दर दसऱ्याला शेडमध्ये जाऊन इंजिनाला कुंकू लावायचे, ते धडधडत्या इंजिनालाच. थंड इंजिनाची पूजा त्यांच्या घरात कुणी कधी केली नव्हती. आरती झाली की लिंबावरून चाक न्यायचं आणि निघायचं, मध्ये थांबणं नाही.

आता या गाडीचं दुखणंच असं, की पळताना कुणाला पत्ता लागत नव्हता आणि उभी राहिली की पितळ उघडं पडायचं. भनपुरीत ट्रकांची इंजिनं खोलणाऱ्या नत्थूनं पंधरा दिवसांपूर्वीच सांगून टाकलं होतं. टर्बोचं सील गेलंय, इंजिनाचं तेल सायलेन्सरातून जळून चाललंय. धूर दबावा म्हणून वरून जाडं तेल ओतून देताना तो म्हणाला होता, "भैया, चलती रखना. खड़ी रही, तो नीला धुआँ देगी." आणि तेल संपलं तर? तर भर वेगात इंजिन जाम. नवा टर्बो मागवायचा तर मुंबईहून, आणि त्याची किंमत ऐकून माणसानं खालीच बसावं. एकदा मागवला होताच की. त्यात बायकोच्या, यामिनीच्या पाटल्या गेल्या. त्याआधी रेडिएटर, मग कॉइल, मग चारी टायर. नुसता पांढरा हत्ती पोसला होता त्यानं. यामिनी आता वरच्या गॅलरीत मोकळ्या मनगटांनी उभी होती. पाटल्या परत येणार म्हणून बिचारी सकाळपासून खुशीत होती.

म्हणूनच आज परागनं गाडी आधी अभनपूरपर्यंत पळवून चांगली तापवून आणली. अभिनवलाही फेरी मारू दिली, पण कुठं थांबू दिलं नाही. पोरानं काही विचारलंही नाही म्हणा. त्या लाल रंगावरून त्याचे डोळे हलतील तर ना!

"काकू, ऊन तापून राहिलं," पराग म्हणाला. "लवकर आटपू ना."

काकूंना कसली घाई! चाकापाशी वाकायचं, हळद लावायची, कुंकू लावायचं, अक्षता टाकायच्या, गुडघ्यावर हात टेकून उठायचं आणि दम खायचा. पहिल्या चाकाला मिनिट गेलं, दुसऱ्याला त्याहून जास्त. परागची नजर सायलेन्सरवरून हलत नव्हती. बंद कर म्हणावं, तर पुन्हा सुरू करताना मोठा ढगच निघाला असता. चालू ठेवावी, तर हे असं. तिसरं चाक झालं, चौथंही झालं. जाड्या तेलाची कृपा, अजून काही दिसत नव्हतं. परागला वाटलं, सुटलो बहुतेक.

तेवढ्यात मागच्या सीटवर त्याला एक कापडी पिशवी आणि पाण्याची बाटली दिसली. ही कुणाची, असं त्यानं विचारलं. माझीच, काकू म्हणाल्या. इथून थेट डोंगरगडला जायचं, गाडी देवीला दाखवायची आणि तसंच पुढं नागपूरला लेकीकडं.

एकट्या पोराचं परागनं मनाला समजावून ठेवलं होतं, तरुण आहे, निस्तरेल काहीतरी. पण हायवेवर, मागंपुढं भरलेले ट्रक, इंजिन जाम झालेलं, आणि आत ही म्हातारी बाई?

काकू गाडीच्या मागं आल्या. डिकीवर स्वस्तिक काढलं, कापूर पेटवला आणि ओवाळायला लागल्या. आणि तो आलाच. आधी सुतासारखा बारीक, मग चांगला जाडजूड निळा लोट. सायलेन्सरातून निघाला आणि काकूंच्या पदरावरून ताटापर्यंत चढला. काकूंनी डोळे मिटलेले होते. एका हातात ताट धरून दुसऱ्या तळव्यात त्यांनी तो धूर घेतला आणि भक्तिभावानं डोळ्यांना लावला. मग ताट परागपुढं धरलं आणि खोकायला लागल्या.

"काहून इतका झोंबून राहिला हा?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "भेसळीचा कापूर दिला मेल्यानं. देवाच्या कामातबी लोकाइले लाज नाही राहिली. माफ कर बाबू, तू इतक्या चांगल्या मनानं गाडी देऊन राहिला, अन् मी असा कापूर आणला."

आतून अभिनवनं हाक दिली, "आई, हो गया? निकलें?"

परागनं गॅलरीकडं पाहिलं. यामिनीनं वरून हसून हात हलवला. त्यानंही हात वर केला, पण हलवला नाही. मग तो पुढं गेला, खिडकीतून आत वाकला आणि अभिनवच्या मांडीवरून हात घालून त्यानं किल्ली फिरवली.

सगळं एकदम गप्प झालं. धूर तेवढा डिकीवर रेंगाळत राहिला. ताटातला कापूर केव्हाच विझला होता.

"काकू," पराग म्हणाला, "कापूर चांगला आहे तुमचा."