वाढदिवसाचं रक्तदान

कोपरावर कापसाचा बोळा दाबत बाई अक्कांच्या पायाशी वाकली. बाहेर मांडवात मंत्र्यांच्या वाढदिवसाचं रक्तदान शिबिर चाललं होतं. पडदे ओढलेल्या खोलीत बसलेल्या अक्का म्हणजे मंत्र्यांची आई, लोकांना एवढंच ठाऊक होतं.

तीनशे वर्षं माणसांचं रक्त पिऊन जगलेल्या अक्का गादीवर कायम आपलंच माणूस बसवत आल्या होत्या. आधी सरदार, मग संस्थानिक, आता मंत्री. प्रत्येकाच्या मानेत त्यांनीच दात रोवून त्याला आपल्यासारखं केलं होतं. शिबिरांची युक्तीही त्यांचीच. निम्म्या पिशव्या गुपचूप बंगल्यावर यायच्या. आता कुणाचा जीव घ्यावा लागत नाही, याचं त्यांना समाधान होतं.

"पहिल्यांदाच दिलंस का गं?"

"हो, अक्का. माझी सुली गेल्या महिन्यात बाळंतपणात गेली. रक्तपेढीत तिच्या गटाची पिशवीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, शिबिरं होतात, पण रक्त इथवर पोचतच नाही. म्हटलं, आपण द्यावं. दुसऱ्या कुणाची तरी लेक वाचेल."

अक्कांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

बाई गेली तसा मागच्या दाराने मंत्री आत आला. "आई, ही घे. आत्ताच काढलीय."

पिशवी अजून कोमट होती. परत पाठव, एवढंच म्हणायचं होतं. अक्कांचा शब्द आजवर कुणी मोडला नव्हता.

त्यांनी पिशवी तोंडाला लावली. त्या रडत होत्या, पण एकही थेंब त्यांनी सांडू दिला नाही.